अनमित्र: अर्थ, उगम, लोकप्रियता

अर्थ

खुर्ची कुठे मोडते हे बघायचं असेल तर तिच्या चांगल्या बाजूनं सुरुवात करून चालत नाही, हे तिला नोकरीनं शिकवलं होतं. फर्निचरच्या कारखान्यात ती खुर्च्या तपासायची. एक यंत्र बैठकीवर माणसाच्या वजनाची गादी दाबायचं, उचलायचं, पुन्हा दाबायचं, आणि ती शेजारी उभी राहून कुठला सांधा आधी कुरकुरतो ते ऐकायची. पोट दिसायला लागल्यापासून तिला स्वतः खुर्चीवर बसून बघायची मनाई होती. "तुझं वजन आता एकटीचं नाही," फोरमन म्हणाला होता, "आकडे चुकतील माझे."

तर दुपारच्या सुट्टीत बाळांच्या नावांची वेबसाईट तिनं मोबाईलवर उघडली, तेव्हा वरच्या नावांकडे ती फिरकलीच नाही. 'लोकप्रियतेनुसार' असं एक बटण होतं. ते दाबलं आणि अंगठ्यानं सरकवत सरकवत थेट तळ गाठला.

तळाला लिहिलं होतं: अनमित्र. मुलाचं नाव. संस्कृत. ज्याला शत्रू नाही असा.

शेजारी लोकप्रियतेची पट्टी होती, तापमापकासारखी. इतर नावांच्या पट्ट्या लालभडक होत्या. हिच्यात लाल रंगाचा टिपूस नव्हता.

तिनं डबा बाजूला ठेवला.

मुलगी झाली तर काय नाव ठेवायचं, यावर नवऱ्याचं आणि तिचं एकमत चहा गार व्हायच्या आत झालं होतं. अडलं होतं ते मुलाच्या नावापाशी. आणि का अडलं होतं ते कळायला तिचं स्वतःचं नाव माहीत असायला हवं. पण ते सांगून फायदा नाही. कोणत्याही दारावर टकटक केली तरी आत त्या नावाची एक बाई सापडेल. शाळेत तिच्या वर्गात तशा चौघी होत्या. बाई कंटाळल्या आणि त्यांनी हजेरीच्या क्रमानं त्यांची पहिली, दुसरी, तिसरी, चौथी करून टाकली. ही तिसरी. शाळा सुटली तरी तिसरी सुटली नाही. मैत्रिणींनी लग्नात ते नवऱ्याच्या कानावर घातलं, नवऱ्यानं घरात आणलं. कारखान्यात त्याच नावाच्या दोघी आधीपासून होत्या, म्हणजे तिथंही हिशेब जुळला.

रस्त्यात कुणी तिच्या नावानं हाक मारली तर ती वळायची नाही. आपल्यासाठी नसणारच. एकदा मामा चौकभर ओरडत तिच्यामागे धावले होते आणि ही आपली चालतेय ती चालतेय. मामा अजून ते विसरले नाहीत.

आपल्या मुलाला हाक मारली की त्यानंच वळावं, दुसऱ्या कुणी नाही. एवढंच तिला हवं होतं. लोक घर मागतात, शेत मागतात. तिला एक न वापरलेलं नाव हवं होतं.

राशी

(हा रकाना त्या पानावर रिकामा होता. पुढे.)

उगम

घरात माणसं चार. ती, नवरा, सासरे आणि धाकटी जाऊ. दीर जहाजावर असायचा. तो घरी आला की पाहुणा वाटायचा आणि गेला की त्याचे मोजे सापडायचे.

"अ-न-मि-त्र," नवऱ्यानं घास थांबवून म्हणून बघितलं. तो शाळेची बस चालवायचा. "म्हणजे मित्र नसलेला?"

"शत्रू नसलेला. अमित्र म्हणजे शत्रू. तो ज्याला नाही तो."

"मग सरळ मित्रच ठेवा की ताई," जाऊ म्हणाली. "एवढा वळसा घालून घरी कशाला यायचं?"

"मित्र चिक्कार असतील. मी पट्टी बघितली."

"चाचणीत नापास वाटतं मित्र."

सासरे हसले. ते लिफ्ट दुरुस्त करायचे, आता निवृत्त होते. त्यांनी एकच विचारलं, "हे नाव खरं आहे ना? की त्या वेबसाईटवाल्यानं आपल्या मनानं जोडलंय?"

प्रश्न रास्त होता. कारखान्यात लाकडाचा गठ्ठा आला की पहिला प्रश्न तोच: माल कुठला? शनिवारी ती सार्वजनिक वाचनालयात गेली. ग्रंथपाल बाईंनी शिडी लावून वरच्या फळीवरचा एक जाडजूड कोश खाली घेतला, त्यावरची धूळ तिच्या पोटापासून लांब झटकली, आणि दोघींनी मिळून पानं उलटली. नाव होतं. एकाच नव्हे, दोन-तीन अनमित्रांची नोंद होती. जुन्या वंशावळ्यांत, मोठ्या माणसांच्या अधेमधे, नुसतं येऊन जाणारं नाव. त्यातला एक वृष्णिकुळातला. त्याचा मुलगा निघ्न आणि निघ्नाचा मुलगा सत्राजित.

"सत्राजित म्हणजे तो मण्यावाला?" ग्रंथपाल बाई म्हणाल्या. "स्यमंतक मणी?"

तोच. ज्या मण्यापायी भाऊ रानात मेला, खुद्द कृष्णावर चोरीचा आळ आला आणि शेवटी सत्राजितचाही जीव गेला, त्या मण्याच्या धन्याचा आजोबा अनमित्र.

"म्हणजे ज्याला शत्रू नाही," तिसरी हळूच म्हणाली, "त्याच्या नातवानं सगळे शत्रू गोळा केले."

"आजोबांचा कोटा शिल्लक होता ना," ग्रंथपाल बाई म्हणाल्या आणि कोश मिटला.

घरी येताना ती बसमध्ये एकटीच हसत होती. या माणसानं आयुष्यभर केलं काय असेल? कुणाशी भांडला नाही म्हणूनच त्याची गोष्ट कुणी लिहिली नसेल का? बापाचा मुलगा आणि मुलाचा बाप, एवढीच त्याची जागा. पण नाव खणखणीत होतं. माल जुना होता, अस्सल होता, आणि एवढ्या काळात कुणी फारसा हात लावलेला नव्हता.

त्या संध्याकाळी ठरलं. आणि ठराव झाला की बाळ येईपर्यंत हे नाव घराबाहेर जायचं नाही.

"माझ्याकडे का बघताय सगळे?" जाऊ म्हणाली.

ती ब्यूटी पार्लरमध्ये काम करायची, म्हणून.

चाचणी

(हा रकाना पानावर नव्हता. तिसरीनं घातला.)

नाव ठरलं म्हणून काय झालं, ते टिकतं का हे बघायला नको? रविवारी बसच्या आगारात शुकशुकाट होता. नवऱ्यानं आपली पिवळी बस उघडली आणि तो मागच्या बाकावर जाऊन बसला. ती ड्रायव्हरच्या सीटशेजारी उभी राहिली.

आधी साधी हाक. मग लांबून मारल्यासारखी. मग, पोरगं रस्त्यात चेंडूमागे धावलंय आणि समोरून गाडी येतेय, अशी.

"ही चांगली पोचली," नवरा मागून ओरडला. "पण 'त्र'ला जीभ अडते. घाईच्या वेळी 'अनमित' एवढंच येतंय."

"रागावून बघते." ती रागावली. सहा महिन्यांचा साठलेला राग त्यात आला असावा, कारण नवरा बाकावर सावरून बसला.

"आता मी पोरांसारखं म्हणतो," तो म्हणाला. "माझा अनुभव सांगतो, पोरं हे नाव दोन दिवस नीट घेतील. तिसऱ्या दिवशी अन्या."

"अन्या चालेल."

"किंवा मित्र्या."

"तेही चालेल."

"किंवा सरळ ढब्ब्या. नावाशी त्यांना काही देणंघेणं नसतं गं. माझ्या बसमधल्या एकाला सगळे दरवाजा म्हणतात. का, ते त्यालाही माहीत नाही."

"पण पुकारायच्या वेळी तुझ्या बसमध्ये एका नावानं किती हात वर होतात?"

नवरा म्हणाला, "होतात खरे. परवा एका थांब्यावर एक हाक मारली आणि तीन पोरं उतरली. एकाचं घर तिथं नव्हतंच."

"बघ," ती म्हणाली, आणि चाचणी तिथंच संपली. पास.

लोकप्रियता

लाल टिपूस पहिल्यांदा दिसला तेव्हा तिला वाटलं मोबाईलच्या काचेला काहीतरी चिकटलंय. तिनं पदरानं पुसलं. पुसलं गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो टिपूस नव्हता, रेघ होती. त्या आठवड्याच्या अखेरीला पट्टी तळापासून चांगली बोटभर लाल झाली होती आणि अनमित्र तळातून उठून मधल्या नावांत येऊन बसला होता.

"कुणीतरी बोललंय," ती म्हणाली.

कुणीतरी म्हणजे कोण, हे न सांगता तिनं जाऊच्या ताटात भाजी वाढली. पण वाढायची एक पद्धत असते. जाऊला ती कळली.

"बोला ना स्पष्ट, ताई. माझंच नाव घ्यायचंय ना?"

"मी कुणाचं नाव घेतलं नाही."

"तेच तर. नाव न घेता बोलायचं तुम्हाला छान जमतं. पार्लरमध्ये मी लोकांच्या भुवया कोरते, तुमची नावं नाही वाटत फिरत."

"तिथं बायका बोलतात, आणि तू ऐकतेस, आणि..."

"आणि मी गप्प बसते! एवढ्या बायकांच्या एवढ्या गोष्टी माझ्या पोटात आहेत की मीच सातव्या महिन्यात असायला हवी." जाऊ उठली. "शत्रू नसलेला म्हणे. अजून जन्मला नाही तर घरात ही तऱ्हा."

सासऱ्यांनी पाण्याचा पेला उचलला आणि त्यात बघत बसले.

पुढचे काही दिवस जाऊ तिच्याशी फक्त कामापुरतं बोलली. "गॅस बंद करू का जाऊबाई?" असं. जाऊबाई हा शब्द त्या घरात त्याआधी कधी कुणी वापरला नव्हता. आणि पट्टी चढतच होती. तिसरीला कारखान्यात उभं राहवेना. यंत्र गादी दाबायचं, उचलायचं, आणि प्रत्येक दाबाला तिला वाटायचं, हा अजून एक गेला, अजून कुणीतरी ठेवलं. जेवणाच्या सुट्टीत एकदा बघायची, चहाला एकदा, हात धुवायला गेली की एकदा. दर वेळी पट्टी किंचित वर.

शेवटी नवऱ्यानं वेबसाईटच्या तळाशी दिलेला नंबर लावला आणि फोन टेबलावर ठेवला, सगळ्यांना ऐकू येईल असा.

पलीकडून एक झोपाळलेला माणूस बोलला. वेबसाईट तो एकटाच चालवायचा.

"अनमित्र? हो हो, फार जोरात आहे सध्या."

"तेच विचारायचंय. एवढी पोरं अचानक आली कुठून?"

"पोरं?" माणूस म्हणाला. "पोरांचं मला काय माहीत? जन्माच्या नोंदी मला कोण देणार? ती पट्टी पान किती वेळा उघडलं त्याची आहे."



"किती वेळा उघडलं," तिसरी म्हणाली, "म्हणजे... त्याच त्याच माणसानं उघडलं तरी?"

"तरी. मशीनला काय कळतंय माणूस तोच की दुसरा. आता बघतो ना इथे, हं... सगळं एकाच भागातून आलंय. गंमतच आहे. एखाददुसऱ्या घरातून असेल. कुणाला तरी चाळा लागलाय."

तिसरीनं जाऊकडे बघितलं नाही. ती सासऱ्यांकडे बघत होती, कारण सासरे खुर्चीत खाली खाली सरकत होते.

"मी आपलं बघायचो," ते म्हणाले. "चढलं का, उतरलं का. एकदा दाबून खात्री होत नाही माझी. लिफ्टचं बटणही मी..."

"मीही थांब्याथांब्यावर," नवरा म्हणाला. "सिग्नलला नाही, शपथ. फक्त थांब्यावर."

"मी पार्लरमध्ये," जाऊ म्हणाली. "तुम्ही माझ्यावर आळ घेतल्यापासून तर जास्तच. म्हटलं खरा चोर दिसतोय का बघू."

आणि तिसरी स्वतः. दिवसभर खुर्चीसमोर उभं राहून एका नावाची बैठक दाबत राहिलेली.

"हॅलो?" फोनमधला माणूस म्हणाला. "आहात ना? तुम्हाला आनंदाची बातमी सांगतो. परवा ते नाव मी पहिल्या पानावर टाकलंय. 'झपाट्यानं वर येणारं नाव' म्हणून. आता मात्र सगळीकडून लोक बघतायत."

"काढा," तिसरी म्हणाली.

"काढू? अहो, लोक विचारतायत त्याबद्दल. खाली अभिप्राय तरी वाचा."

मिळतीजुळती नावं

"ताई."

"काय?"

"ताई, मी हसत नाहीये. तोंड तसं आहे माझं."

"हस. हस तू. मी तुला एवढं बोलले."

"बोलला कुठे? भाजी वाढली."

"चुकलंच माझं."

"मान्य. आता दुसरं नाव शोधू या का? मी बघते. माझ्या एकटीच्या मोबाईलवर, एकदाच, आणि लगेच बंद."

"दुसरं नको गं मला."

"मग हेच ठेवा."

"हे आता सगळ्यांचं झालं. मीच केलं."

अभिप्राय

*वा! फारच वेगळं नाव. आमच्या पुतण्यासाठी विचार करतोय.*

*उच्चार कठीण आहे पण अर्थ सुंदर. जुळे झाले तर दुसऱ्याचं काय ठेवावं?*

*आम्ही ठेवलं सुद्धा! काल.*

*अर्थ चांगला आहे पण माणूस कोण, त्यानं केलं काय? नुसता अर्थ बघून नाव ठेवू नये.*

*हे माझं नाव आहे. मी आता म्हातारा आहे. शेजारच्या मुलीनं मोबाईलवर दाखवलं की माझं नाव वर वर येतंय. आजवर या नावाचा दुसरा माणूस मला भेटलेला नाही. कुणी मला शोधत आहे का? काही काम असेल तर मी संध्याकाळी पाण्याच्या टाकीमागच्या मैदानावर असतो. गळ्यात शिट्टी असते, लगेच ओळखू येईन.*

तिसरीनं शेवटचा अभिप्राय पुन्हा वाचला. मग उभी राहिली आणि चप्पल शोधायला लागली. गेले काही दिवस तिला फक्त किती, किती, किती एवढंच विचारावंसं वाटत होतं. आता बऱ्याच दिवसांनी कोण असं विचारावंसं वाटलं.

"मीही येते," जाऊ म्हणाली. "नाव असलेला माणूस मलाही बघायचाय."

पाण्याची टाकी त्यांच्या घरापासून दोन थांबे लांब होती. इतक्या जवळ.

वापर

मैदानावर लहान मुलांचा फुटबॉल चालला होता. म्हणजे एक चेंडू होता आणि सगळी मुलं एका घोळक्यात त्याच्या मागे. मधोमध एक उंच, वाकलेले गृहस्थ, अर्धी चड्डी, गुडघ्याला पट्टा आणि गळ्यात शिट्टी. ते पळत नव्हते. घोळका आपल्याकडे येईपर्यंत वाट बघायचे आणि मग शिट्टी फुंकायचे.

"ए पंच!" एक मुलगा ओरडला. "त्यानं ढकललं!"

"तूही ढकललंस. मी दोघांचं बघितलं. चला, चेंडू वर."

मुलं पाणी प्यायला पांगली तसे ते या दोघींकडे आले. तिसरीचं पोट बघून त्यांनी स्वतःहून बाकावरची पिशवी उचलून जागा केली.

"तुम्ही अनमित्र?" तिसरीनं विचारलं.

ते म्हणाले, "बऱ्याच दिवसांनी ऐकलं. सगळे पंचच म्हणतात."

"शत्रू नसलेला," जाऊ म्हणाली, "आणि धंदा पंचाचा?"

ते खूश झाले. "हे माझ्या आईलाही मी सांगायचो. शनिवार-रविवार अर्धं मैदान माझा जीव घ्यायला टपलेलं. पण एक फायदा सांगतो. गर्दीनं मला वाट्टेल ते म्हटलं, माझ्या डोळ्यांवरून, माझ्या बापावरून. माझ्या नावानं मात्र एकही शिवी आली नाही. कुणाला घेताच येत नव्हतं."

तिसरीनं आपली कामाची पद्धत सोडली नाही. नाव वापरून वापरून कुठे झिजलं, कुठे कुरकुरलं, सगळं तिनं विचारलं. त्यांनी सगळं सांगितलं. शाळेत नव्या मास्तरांना वाटायचं पोरगं स्वतःचं नाव चुकीचं सांगतंय. ऑफिसात दर वेळी दोनदा सांगावं लागायचं, मग अर्थ सांगावा लागायचा, आणि अर्थ सांगितला की समोरचा हमखास म्हणायचा, असं कसं, एक तरी शत्रू असेलच. बायको लग्नाआधी भेटली तेव्हा तिला वाटलं होतं, या माणसाला मित्र नाहीत. म्हणून तिनं आपल्या मैत्रिणींशी ओळख करून दिली.

"वडिलांनी कुठून आणलं हे नाव?"

"कुणास ठाऊक. ते पोस्टात होते. त्यांच्या हाताखालून रोज ढीगभर नावं जायची. म्हणाले, एकदाही न आलेलं नाव पाहिजे होतं."

तिसरी बाकावर पुढे सरकून बसली.

"मग चांगलंच केलं की त्यांनी," ती म्हणाली. "मलाही तेच हवं होतं. हाक मारली की एकानंच वळावं. पण आता ते राहिलं नाही. आम्ही घरातल्यांनीच बघून बघून ते वर नेलं, आणि आता लोक ठेवतायत. म्हणून मी विचार करतेय की..."

"सोडून द्यावं?"

"हो."

पंचांनी शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळली. "एक सांगू का? हाक मारली की मीच वळायचो, हे खरं. जन्मभर. पण त्यात एक गोष्ट राहिली. माझ्या नावानं हाक आली आणि ती माझ्यासाठी नव्हती, असं एकदाही झालं नाही. तुम्हाला ते रोजचं असेल."

"रोजचं," तिसरी म्हणाली. "मी वळतसुद्धा नाही."

"मग तेव्हा काय करता?"

तिनं असा विचार कधी केलेला नव्हता. "काही नाही. चालत राहते. हाक जाते तिच्या माणसाकडे. कधी कधी मी थांबून बघते, कोण ते. माझ्याच नावाची, पण कशी आहे. केस कसे आहेत, हातात काय आहे. मजा वाटते."

"बघा," ते म्हणाले. "ही मजा मला माहीतच नाही. नाव म्हणजे आपलीच पाठ, आपल्याला न दिसणारी. तुम्हाला ती दुसऱ्यांवर दिसते."

मुलं पाणी पिऊन आली होती आणि चेंडूऐवजी एकमेकांना लाथा मारत होती. पंच उठले.

"ठेवा की नका ठेवू, तुमचं तुम्ही बघा," ते म्हणाले. "पण त्या वेबसाईटवर कुणी काल ठेवलं म्हणे. त्यांचा पत्ता मिळेल का हो?"

परतीच्या वाटेवर जाऊ म्हणाली, "ताई, गुडघ्याला पट्टा होता, बघितलं? अनमित्र म्हटलं की आता मला तो पट्टाच दिसणार."

"मलाही," तिसरी म्हणाली. आणि कोशातला तो कोरा माणूस आठवून तिला पहिल्यांदाच वाटलं की त्यालाही गुडघे असतील.

नोंद

मुलगा झाला. सकाळी, बेताच्या गडबडीत, नवरा बस दुसऱ्याच्या हवाली करून धापा टाकत पोचला तोवर.

दुपारी सिस्टर पाळण्याला लावायचं कार्ड घेऊन आल्या. "नाव ठरलंय की नुसतं आईचं नाव घालू? आईच्या नावाच्या या वॉर्डात आधीच दोघी आहेत, घोटाळा होतो."

"तिसरी मी," ती म्हणाली. "सवय आहे."

नवरा हसला, पण त्याचे डोळे तिच्यावरून हलले नाहीत. नाव ठेवायचं की सोडायचं, हे तिनं अजून कुणाला सांगितलं नव्हतं.

शेजारच्या खाटेवरची बाई उशीला टेकून मोबाईल बघत होती. तिचा मुलगा आदल्या दिवशीचा. "आमचंही अडलंय हो," ती आपणहून म्हणाली. "एक फार छान सापडलंय, अगदी वेगळं. अनमित्र. अर्थ माहितीये का? ज्याला..."

"माहितीये," तिसरी म्हणाली.

जाऊनं फळांची पिशवी हळूच खाली ठेवली. सासऱ्यांनी घसा साफ केला. सिस्टर पेन उघडून उभ्या होत्या, त्यांना अजून सगळा वॉर्ड होता.

तिसरीनं बाळाकडे बघितलं. ते एका मुठीकडे अत्यंत संशयानं बघत होतं. दुसऱ्या खाटेवरच्या बाळाकडे तिनं मान वळवून बघितलं. ते झोपलं होतं, कपाळावर आठ्या, जणू कुणी त्याला अवघड गणित घातलंय. दोघांत एकमेकांसारखं काही नव्हतं. हा कसा होईल, तो कसा होईल? एकाच हाकेला दोघं वळले तर एकमेकांकडे कसे बघतील? तिला ते बघायचं होतं. अगदी आत्ता, लगेच बघायचं होतं.

"अनमित्र लिहा," ती सिस्टरना म्हणाली.

शेजारच्या बाईचा चेहरा पडला. "अगंबाई. मग आम्ही दुसरं बघतो."

"का? तुम्हीही ठेवा."

"एकाच वॉर्डात दोन?"

"ठेवा हो. नाव जुनं आहे, मजबूत आहे, मी तपासलंय. दोघांचं वजन सहज घेईल."

बाई विचारात पडली. तिच्या सासूबाई 'बघू बघू' म्हणाल्या. त्या घरात पुढे काय ठरलं ते दोन दिवस कळलं नाही, आणि ते ठरवणं तिसरीचं कामही नव्हतं.

भेटीच्या वेळी पंच आले. इस्त्रीचा शर्ट, पूर्ण पँट, आणि गळ्यात शिट्टी नसल्यामुळे हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं. जाऊनंच त्यांना कळवलं होतं. नाव काय ठेवलं ते मात्र तिनं सांगितलं नव्हतं. त्यांनी कुणालाच काही विचारलं नाही. पाळण्याशेजारच्या खुर्चीवर बसले आणि बाळाचे तळपाय बघत म्हणाले, "डावखुरा खेळेल."

"पायावरून कळतं?" सासऱ्यांनी विचारलं.

"नाही. पण सांगायला काय जातं."

तेवढ्यात दाराशी सिस्टर आल्या. बाळांना तपासायला न्यायची वेळ झाली होती. त्यांनी हातातला कागद डोळ्यांजवळ धरला, एकदा ओठांतल्या ओठांत म्हणून बघितलं आणि मग मोठ्यानं पुकारलं:

"अनमित्र!"

पंच उठले. उठायला लागले, म्हणजे. हात खुर्चीच्या दांडीवर गेले, गुडघा सरळ व्हायला लागला, तोंडात 'ओ' आलेला सगळ्यांना दिसला. मग ते तसेच अर्धवट थांबले. सिस्टर त्यांच्याकडे बघतही नव्हत्या. त्या पाळण्याकडे येत होत्या.

त्यांनी तो 'ओ' गिळला आणि सावकाश, एकेक इंच, परत खाली बसले. नवऱ्याला वाटलं त्यांना बरं वाटत नाही, तो पाणी आणायला वळला. तिसरीनं त्याला हातानं थांबवलं.

पंच पाळण्यावर वाकले.

"जा," ते बाळाला म्हणाले. "तुला बोलावतायत."